वधस्तंभ म्हणजे बेबाकी दाखला नव्हे

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की जालना, परभणी, संभाजीनगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपदेशांना धार येते आणि त्याबरोबर एक जुना वादही वर येतो. यंदा तो जरा जास्तच तापला. एका बाजूला संजीवन सभांतले उपदेशक. देव न्यायी आहे, पापाचं वेतन मरण आहे, ते कुणीतरी भोगणं भाग होतं, येशूने तुझ्याऐवजी भोगलं, आता तुझं खातं निरंक. दुसऱ्या बाजूला विवेकवादी, आंबेडकरवादी मित्र आणि आमच्याच घरांतली कॉलेजात शिकणारी पोरं. गुन्हा एकाचा, फाशी दुसऱ्याला, आणि याला न्याय म्हणायचं? असा निकाल उद्या खंडपीठात लागला तर तुम्हीच मोर्चा काढाल की नाही? दोन्हीकडे टाळ्या पडतात आणि माणसं घरी जातात. मला खटकतं ते हे की भांडणाऱ्या दोघांच्याही डोळ्यांपुढे चित्र एकच आहे. एक कोर्ट, एक न्यायाधीश, एक आरोपी आणि आरोपीच्या जागी उभा राहिलेला निर्दोष माणूस. एक जण त्या चित्रापुढे हात जोडतो, दुसरा त्यावर शाई फेकतो. त्या कोर्टात फिर्यादी कुठे बसलाय, हे कुणीच विचारत नाही.

मी ख्रिस्ती आहे आणि वधस्तंभावरचा माझा विश्वास इथे लपवणार नाही. पण येशूच्या मरणाचा जो अर्थ आपल्या सभामंडपांतून ऐकवला जातो, तो ख्रिस्ती श्रद्धेचा एकमेव अर्थ नाही आणि सगळ्यात जुना तर नाहीच नाही. त्या अर्थाने देव आणि पापी यांच्यातला व्यवहार इतका चोख मिटतो की पापामुळे ज्याचं खरोखर नुकसान झालं, तो माणूस हिशोबातूनच गळून पडतो. देवाने केलेली माफी माणसाचं देणं बुडवत नाही, उलट ते फेडायला भाग पाडते, असं माझं म्हणणं आहे. टीकाकारांशी माझा वाद निराळा आहे. ते ज्या कोर्टाची टिंगल करतात, ते कोर्ट शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांत, आहे तरी का?

आधी टीकाकारांचं माप त्यांच्या पदरात टाकू. निर्दोषाला शिक्षा देऊन दोषी सुटत नाही, हे सांगायला त्यांना बाहेर जावं लागत नाही, बायबलच पुरतं. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात लोक कुरकुरतात की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. देव त्यांना ठणकावतो की ही म्हण यापुढे चालायची नाही. जो पाप करील तोच मरेल, बापाचा अधर्म मुलाने वाहायचा नाही. आपल्या भागात हा काही नुसता तात्त्विक प्रश्न नाही. बापाने केलं म्हणून पोराने गावकीचं काम ओढायचं, आजा कर्ज काढून मेला म्हणून नातवाने सालगडी राहायचं, हे ज्यांच्या घरांत घडलं त्यांनाच आपण सांगतो की तुमची शिक्षा दुसऱ्याला देऊन देवाचं समाधान झालं. त्यांच्या कपाळाला आठी पडली तर नवल काय? दंडाची रक्कम मित्राने भरली तर कोर्टाची हरकत नसते, पण एका भावाची जन्मठेप दुसऱ्या भावाने भोगायची सोय कुठल्याही कायद्यात नाही. ‘येशूने ती आपखुशीने घेतली’ हे उत्तर अर्धवट आहे. आपखुशीने पुढे आलेल्याला फासावर देणारा न्यायाधीश तेवढ्याने न्यायी ठरत नाही.

आता उपदेशकांचं माप. देवाच्या क्रोधाचं नाव काढलं की शहरातले शिकलेले ख्रिस्ती नाक मुरडतात. देव प्रेम आहे, त्याला कसला राग? ज्याचं काही जळालेलं नाही, त्यालाच हे परवडतं. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्या पेटल्या. माणसं मारली गेली, घरांची राख झाली. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तोही नामांतराऐवजी नामविस्तार म्हणून. ज्याचं छप्पर तेव्हा पेटलं, त्याला जाऊन सांगा की देव कुणावरच रागावत नाही. तसला देव त्याच्या काय कामाचा? पाप ही हलकी गोष्ट नाही, कुणीतरी त्याची किंमत मोजतंच, असं उपदेशक म्हणतात तेव्हा ते नकळत का होईना, घर जळालेल्याच्या बाजूने बोलत असतात. दंडाचा सिद्धांत, म्हणजे आपली शिक्षा येशूने भोगली ही मांडणी, इतकी शतकं टिकला तो याच जोरावर. मी तो हसण्यावारी नेत नाही.

फक्त देवाचा राग नेमका कुणाच्या डोक्यावर फुटला, हे ठरवायची आपल्याला फार घाई असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात, गणपती बोळवून झोपलेली सुमारे १० हजार माणसं ढिगाऱ्याखाली गेली. मागाहून देवाचा कोप, पापाचा घडा ही भाषा गावोगाव ऐकू येत होती आणि ती बोलण्यात आमचे ख्रिस्ती लोकही मागे नव्हते. १९३४ च्या बिहार भूकंपाला खुद्द गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं होतं. हेतू थोर होता, तरी रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, कारण निसर्गाच्या उत्पातावरून नीतीचा निकाल लावायची एकदा सवय लागली की कुणीही तो आपल्या सोयीने लावतो. येशूपुढे हाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का? ‘नाही’, असं तो सरळ सांगतो आणि विचारणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावतो. किल्लारीची माणसं मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावरची जड माळवदं अंगावर आल्याने मेली. देवाचा न्याय म्हणजे ‘जे झालं ते भोगायचंच होतं’ असं धरलं की सगळ्यात आधी ढिगाऱ्याखालच्याच्या तोंडाला कुलूप लागतं. आपल्या तारणाच्या हिशोबात नेमकं हेच होतं, म्हणून एवढा विस्तार केला.

तो हिशोब समजवायला उपदेशकांना कर्जमाफीचं उदाहरण फार आवडतं. २००८, २०१७, २०१९ च्या कर्जमाफ्या पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला ते चटकन कळतंही. मग ते शेवटपर्यंत चालवून पाहू. कर्ज माफ झालं म्हणजे पैसे हवेत विरले असं नाही. शेतकऱ्याचं खातं सरकारी तिजोरीने भरलं. माफी फुकट होत नसते, तिचा तोटा कुणीतरी अंगावर घेतो, इथवर उदाहरण बिनतोड आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप पोराकडून पैही मागत नाही, पण उडवलेली मिळकत त्या बापाच्याच घरची होती. सोळाव्या शतकात फाउस्तो सोझ्झिनी नावाच्या इटालियन विचारवंताने यातली अडचण पकडली. कर्ज दुसऱ्याने फेडलं असेल तर ते माफ झालं असं कसं म्हणायचं? आणि माफच केलं असेल तर फेडायचं कशाला? याला माझ्या मते एकच उत्तर आहे: ज्याचं येणं होतं त्यानेच तोटा सोसला असेल तर दोन्ही खरं. येशू हा देवाहून निराळा, कुठून तरी धरून आणलेला बदली माणूस असेल तर टीकाकार जिंकले. म्हणून तर प्रेषित पौल आग्रहाने सांगतो की देवच ख्रिस्ताच्या ठायी होता आणि जगाशी समेट करत होता. आता उदाहरण आणखी एक पाऊल पुढे नेऊ. सोसायटीची बेबाकी, म्हणजे कर्ज उरलं नसल्याचा दाखला, हातात पडली म्हणून मुलीच्या लग्नाला शेजाऱ्याकडून घेतलेले हातउसने फिटतात का? कर्जमाफीच्या यादीत हातउसने कधीच नव्हते. देवाने आपलं येणं सोडलं, शेजाऱ्याचं शेजाऱ्याला द्यायचं राहिलंच आहे. बेबाकीचा कागद नाचवून शेजाऱ्याला दारातून हाकलणाऱ्याला गाव काय म्हणेल, ते इथे छापण्यासारखं नाही.

मग हे कोर्ट आलं कुठून? पहिली हजारेक वर्षं मंडळीने येशूच्या मरणाकडे मुख्यतः सुटका आणि विजय म्हणून पाहिलं. माणूस मरणाच्या आणि सैतानाच्या ताब्यात होता, येशूने आपला जीव खंडणी म्हणून दिला आणि मरणाचं दार आतून फोडलं. खंडणीची ही भाषा मार्काच्या दहाव्या अध्यायात खुद्द येशूच्या तोंडी आहे. चौथ्या शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीने तिच्यावरच प्रश्न टाकला: खंडणी दिली कुणाला? सैतानाला? तो तर दरोडेखोर, त्याला देवाने नजराणा द्यायचा? पित्याला? पण आपण काही पित्याच्या कैदेत नव्हतो. पुढे १०९८ च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने सरंजामी जगात राहणाऱ्याला सुचेल अशी मांडणी केली. पापाने देवाच्या मानाला धक्का बसला, त्याची भरपाई हवी, ती देण्याची ऐपत माणसात नाही, म्हणून देवालाच माणूस व्हावं लागलं. लक्षात घ्या, अन्सेल्मच्या मांडणीत येशूला शिक्षा होत नाही, तो शिक्षेची वेळ टाळणारी भरपाई देतो. त्याच्या पाठोपाठच्या पिढीत पॅरिसच्या अबेलार्डने विचारलं की निर्दोषाचं रक्त किंमत म्हणून मागणं हे क्रौर्य नाही का? आमच्या कॉलेजातल्या पोरांचा प्रश्न नऊशे वर्षं जुना आहे आणि तो विचारणारा धर्मगुरूंचा गुरू होता. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी, विशेषतः धर्मशास्त्राकडे वळण्याआधी कायदा शिकलेल्या कॅल्विनने, भरपाईच्या जागी शिक्षा आणली आणि चित्रात फौजदारी कोर्ट उभं राहिलं. तेच चित्र स्कॉटिश, इंग्रज, अमेरिकन मिशनांच्या हातून आपल्याकडे पोचलं. जुन्या धर्मसभांनी येशू देव की माणूस यावर एकेका शब्दासाठी भांडणं केली, बहिष्कार घातले. तारण घडतं कसं यावर मात्र ३२५ ची नायसियाची सभा ‘आम्हां मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढं म्हणून थांबली. अमुकच सिद्धांत मानला पाहिजे, असं बंधन पुढच्या सभांनीही घातलं नाही.

शुभवर्तमानांत कोर्ट आहे, पण ते रोमन सुभेदार पिलाताचं. तिथला न्यायाधीश ‘मला याच्यात काही दोष सापडत नाही’ म्हणतो आणि तरी फाशीवर सही करतो. गुन्हेगार सुटला आणि त्याच्या जागी निर्दोष लटकला, अशी अदलाबदल त्या कथेत शब्दशः एकदाच होते, ती बरब्बाची. आपले उपदेशक बरब्बावर तासभर बोलतात: तो म्हणजे तू, तो म्हणजे मी. बोला, चांगलंच आहे. पण ती अदलाबदल केली कुणी? गर्दीला घाबरलेल्या सुभेदाराने. शुभवर्तमानकारांच्या लेखी तो न्याय नव्हता, न्यायाचा खून होता. प्रेषितांची कृत्ये उघडा. येशूचा शिष्य पेत्र याच्या भाषणांत ही सगळी देवाची योजना होती असं येतं, पण मारणारे हात कुणाचे याबद्दल तो जराही आडपडदा ठेवत नाही. तुम्ही त्याला मारलं, देवाने त्याला उठवलं. म्हणजे पुनरुत्थान हा पिलाताचा निकाल फिरवणारा वरच्या कोर्टाचा निकाल आहे. ज्या निकालावर देवाने स्वतः फुली मारली, तोच देवाचा न्याय म्हणून आपण लोकांना कसा विकतो?

इथे जाणकार उपदेशक यशया संदेष्ट्याचा त्रेपन्नावा अध्याय काढतील आणि तो त्यांचा हक्काचा पत्ता आहे. आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला, आमच्या शांतीची शिक्षा त्याच्यावर आली, आणि दहाव्या वचनात तर त्याला ठेचावं हे परमेश्वराला बरं वाटलं असं सरळ लिहिलंय. हे वचन मी पुसू शकत नाही आणि पुसणार नाही. पण त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात लोक कबुली देतात की देवानेच त्याला मारलंय असं आम्ही समजलो होतो. पाहणाऱ्यांचा तो समज आणि प्रत्यक्ष घडलेलं यांतली ओढाताण अध्यायाने उघडी ठेवली आहे. आपण मात्र दहावं वचन फलकावर रंगवतो आणि चौथं वाचायचं राहून जातं.

शिक्षा पुरी भोगली की समेट आपोआप होतो, या समजुतीची सगळ्यात कडक परीक्षा आपल्याच पैठणात झाली आहे. विठ्ठलपंत मूळचे आपेगावचे. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले, हा गुन्हा. परंपरा सांगते की आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पोरांना तरी लोकांनी पदरात घ्यावं म्हणून नवराबायकोने प्रयागला जाऊन देह सोडला. धर्मसभेने मागितलेली कमाल शिक्षा, तीही दोन जिवांची, मुलांसाठी, आपखुशीने. यापेक्षा पुरेपूर भरणा कुठला? आणि तरी ती चार पोरं शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्राह्मणांपुढे उभी राहिलीच. का? कारण त्या हिशोबात कुणाचं काय बिघडलं, हा प्रश्नच नव्हता. विठ्ठलपंतांच्या संसाराने कुणाचं घर बुडालं? कुणाच्या ताटातली भाकर गेली? फिर्यादी नव्हता, होता तो फक्त नियम, आणि नियमाचं पोट मरणानेही भरत नाही. मुंबईत १८४३ साली असाच तमाशा झाला. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांच्या मागे बाराएक वर्षांचा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला आणि कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचा प्रयत्न केला, तर सनातन्यांनी गहजब मांडला. पोराचा अपराध काय, तर मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला. याच नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर, बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. म्हणजे आमच्या इथल्या मंडळीचा एक पायाच अशा माणसाने घातलाय, ज्याने बळी पडलेल्याचा विचार न करणारं प्रायश्चित्त जवळून पाहिलं होतं. त्या मंडळीने तसाच हिशोब नव्या नावाने चालवावा, हे मला सोसत नाही.

चालवते म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडच्या एका मंडळीत उत्तम शुक्रवारच्या आदल्या रविवारी साक्षी झाल्या. चाळिशीतला एक गृहस्थ उभा राहिला. दारू सुटली, बायकोला मारणं सुटलं, प्रभूने सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकली, असं रडत रडत सांगितलं. दारू खरंच सुटली होती, त्यात खोट काढायची नाही. बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत त्याची चुलती बसली होती. तिचा नवरा गेला त्या वर्षी वारस लावायचा म्हणून तलाठ्याकडे नेऊन या पुतण्याने तिचा अंगठा घेतला आणि फेरफार निघाला तेव्हा बांधालगतचं दीड एकर त्याच्या नावावर होतं. आता ती त्याच वावरात मजुरीने कापूस वेचते. सभा सुटल्यावर ती चपला शोधत पाळकांपाशी आली आणि हळूच म्हणाली, “साहेब, देवानं त्याला माफ केलं, चांगलं झालं. मंग माह्या वावराचं काय?” पाळक भले गृहस्थ. म्हणाले, “आजी, प्रभूने माफ केलं तिथे आपण कोण? मनात कडवटपणा ठेवू नका.” म्हणजे ज्याने जमीन खाल्ली तो पवित्र आणि जिची गेली तिच्या मनात पाप! त्या मंडपात बसलेल्या कुणालाही यात वावगं वाटलं नाही.

वाटायला हवं होतं, कारण शास्त्र दुसरंच सांगतं. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याची ठेव दाबणाऱ्याने, त्याला लुबाडणाऱ्याने काय करावं ते लिहिलंय: मूळ वस्तू पुरी परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि तोही ज्या दिवशी दोषार्पण न्यायचं त्याच दिवशी, ज्याचं त्याच्या हाती. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण नेलंस आणि तिथे आठवलं की भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. भावाने तुझ्याकडे यावं असं तो म्हणत नाही. जक्कय या जकातदाराचंही पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, हिशोब न विचारता, यात कृपा पहिली आली हे मी शंभरदा मान्य करतो. मग जकातदार उभा राहून अर्धी मिळकत गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायचं बोलतो. आणि त्यानंतर येशूच्या तोंडून निघतं की आज या घराला तारण मिळालं. हा क्रम लूकने उगाच ठेवलेला नाही.

‘मग तुम्ही कर्मांनी तारण सांगताय!’ हा आक्षेप लगेच येतो आणि प्रॉटेस्टंट माणसाला तो झोंबतो. १५१७ मध्ये ल्यूथरने पापमाफीच्या कागदांच्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव विधानं मांडली, त्यातलं पहिलंच असं की पश्चात्ताप करा असं प्रभू म्हणतो तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं व्हावं अशी त्याची इच्छा असते. पैसे देऊन मिळालेला माफीचा कागद त्याला चालला नाही. मग माइकवर तीन मिनिटं रडून मिळालेला त्याला चालला असता? वधस्तंभावरच्या चोराचं उदाहरण लोक देतात, त्याने कुठे काय परत केलं? खरं आहे, त्याला वेळच नव्हता. पण तो काय बोलला तेही वाचा: आपल्याला मिळतंय ते आपल्या करणीचं फळ आहे, यथान्याय आहे. त्याने आपला गुन्हा झाकला नाही. आपल्या गृहस्थाला वेळ आहे, आणि वावर चुलतीच्या नावावर परत करून देण्याची वाटही बंद नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेजारच्या बौद्ध मित्रांचा आहे. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी ठासून मांडलं. माणसाच्या जबाबदारीचं ओझं दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर टाकायची सोय धम्मात नाही आणि ज्या तारणाऱ्याच्या नावाखाली आमचा गृहस्थ वावर पचवतो, त्याच्यापेक्षा मार्गदाता लाख पटीने बरा, हे मी बिनतक्रार कबूल करतो. पण एका ठिकाणी मी अडतो. परत देता येण्यासारखं जे आहे तिथे मार्ग पुरतो. जे परत देताच येत नाही त्याचं काय? १९७८ मध्ये जो मेला, त्याला कुठला पाचवा हिस्सा द्यायचा? मारणाऱ्याने उरलेलं आयुष्य कितीही सन्मार्गाने काढलं, तरी मेलेल्याच्या बाजूने बोलणारं कुणी उरतं का? मेलेल्याला न्याय द्यायचा तर आधी त्याला उठवावं लागेल. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा नेमका इतका बेडर आहे: ज्याला अन्यायाने मारलं त्याला देवाने उठवलं आणि बाकीच्या मारलेल्यांनाही उठवील. हे सिद्ध करता येत नाही, ही आशा आहे, आणि ती न पटणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. एवढंच म्हणतो की ‘निर्दोषाला फाशी’ या टिंगलीत हा दावा अजून कुणी खोडलेला नाही, कारण त्याला कुणी हातच लावला नाही.

माफ करायचा अधिकार कुणाचा, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशात मनोहरपूर गावी जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केलं. ती त्यांची माफी होती, कारण नवरा आणि मुलं त्यांची गेली होती. दुसऱ्या कुणी पाळकाने व्यासपीठावरून त्यांच्या वतीने ती देऊन टाकली नव्हती. खटला चालला, शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जन्मठेपेवर कायम राहिली, आणि माफी व निकाल एकमेकांच्या आड आले नाहीत. कापूस वेचणाऱ्या आजीला असं काही म्हणायची संधी कुणी दिली का? तिने माफ करावं की नाही हा तिचा प्रश्न आहे. तिच्या आधी उठून, तिच्या वतीने, तिलाच दोषी धरून माफी वाटायचा परवाना आपल्याला वधस्तंभाने दिलेला नाही.

म्हणून मी मंडळ्यांपुढे एक साधी मागणी ठेवतो. साक्षीला उभं राहण्याआधी पाळकाने त्या माणसाला बाजूला घेऊन विचारावं: कुणाचं काय देणं आहे? वावर, पैसे, बायकोचे दागिने, भावाचा हिस्सा, खोटी साक्ष देऊन कुणाला अडकवलं असेल तर त्याची सुटका. फेडायला लागला असेल तर साक्ष द्या, नसेल तर थांबा. यावर दोन उत्तरं मला मिळाली आहेत. एक, मंडळी म्हणजे तलाठी कार्यालय नव्हे. लेवीयातल्या याजकाकडेही दोषार्पण घेऊन माणूस यायचा तो शेजाऱ्याची वस्तू परत करूनच, आणि त्याला कुणी तलाठी म्हटलं नाही. दुसरं, अशाने नवे लोक बिचकतील, साक्षी कमी होतील. होतील. लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाच्या एकच अध्याय आधी एक श्रीमंत अधिकारी सार्वकालिक जीवन कसं मिळेल हे विचारायला येतो, सगळं विकून गरिबांना दे हे ऐकल्यावर खिन्न होतो, आणि येशू त्याच्यासाठी अट खाली आणत नाही.